आधी तेल, मग पाणी

मराठी घरातल्या बाळाच्या अंघोळीचा क्रम ठरलेला असतो. आधी तेल, मग पाणी, मग पंचा, मग धुरी, मग दूध, आणि दूध पिता पिता झोप. माझ्या आजीने हाच क्रम पाळला, आईने पाळला, आणि ठाण्याच्या नौपाड्यातल्या आमच्या जुन्या इमारतीत मी बाळंतपणाला आले तेव्हा धुरी सोडून बाकी सगळं तसंच झालं. नीट पाहिलं तर ह्या क्रमात अंघोळीनंतर बाळाला काही चोळणं जवळजवळ नाहीच. काजळ-तीट असायची, तीही कपडे घालून झाल्यावर. ओलं बाळ एकदा पंच्यात गुंडाळलं की त्याला परत उघडं करायचं नाही, असा आजीचा शिरस्ता होता.

अंघोळीनंतरचं लोशन ही आपल्याकडची अलीकडची भर. ते घरात येतं बारशाच्या खोक्यांमधून. माझ्या लेकीच्या बारशाला साबण, शांपू, तेल, पावडर आणि लोशनचे एकसारखे संच इतके आले की कपाटाचा एक खण भरला. माहेरी अंघोळ घालायला मावशी होत्या, त्यामुळे त्या खोक्यांना कुणी हात लावला नाही. पुढे मी लेकीला घेऊन घोडबंदर रोडला सासरी आले. इथे अंघोळीला बाई मिळेना. मग टब आला, फोमची चटई आली, खोकी उघडली गेली.

आणि लेक रडायला लागली.

टबात ती मजेत असायची. पाण्यात पाय झाडायची, नळाच्या आवाजाकडे कान लावून बघत राहायची. टॉवेलात उचलून घेतलं तरी ठीक. चटईवर ठेवून टॉवेल बाजूला केला आणि लोशनचा पहिला ठिपका छातीला लागला, की हनुवटी थरथरायला लागायची. दोन्ही हात एकदम बाजूला फेकले जायचे, दहाही बोटं ताठ पसरायची. मग श्वास आत ओढला जायचा, क्षणभर काहीच आवाज नाही, आणि नंतर असा टाहो की शेजारच्या फ्लॅटमधलं दार उघडायचं. पोटावर हात फिरवायला जावं तर पोट घट्ट आवळलेलं. पायाला हात लावला की पाय पोटाशी ओढून घ्यायची. कपडे घालून होईपर्यंत अंग लालबुंद आणि घामेजलेलं. दूधही धड प्यायची नाही, हुंदके देत देत झोपून जायची. झोपेतसुद्धा मधूनच एक हुंदका यायचा, आणि तो ऐकताना माझ्या पोटात तुटायचं.

घरात प्रत्येकाचं काही ना काही म्हणणं होतं. सासूबाई म्हणाल्या, “रडू दे गं, रडल्याने फुप्फुसं मोकळी होतात.” नणंद फोनवर म्हणाली, “वहिनी, रोज लावत राहा, सवय होईल.” आणि भेटायला आलेल्या एका दूरच्या काकूंनी निकालच दिला, “हिला अंगाला हात लावलेला आवडत नाही. काही मुलं असतात अशी.”

ह्या तिन्ही बोलण्यांमागे माया होती, त्याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण पहिलं वाक्य मला तेव्हाही पटलं नाही आणि आजही पटत नाही. निरोगी बाळाची फुप्फुसं उघडतात ती जन्मानंतरच्या पहिल्या काही श्वासांत. रोज सकाळी दहा वाजता रडवून त्यांत काही भर पडत नाही. तीन महिन्यांच्या जिवाला कुशीवर वळता येत नाही, आपला हात ढकलून देता येत नाही, उठून दुसऱ्या खोलीत जाता येत नाही. नको असलेल्या गोष्टीला नको म्हणायला त्याच्याकडे रडण्याखेरीज दुसरं काही नाही. तेही आपण ‘रडू दे’ म्हणून बाजूला सारलं, तर त्याने आपल्याशी बोलायचं कसं? आणि सवय होईल म्हणजे नेमकं काय होईल? ते थकून गप्प बसेल, एवढंच ना? मला माझ्या लेकीचं असं गप्प बसणं नको होतं.

काकूंचं वाक्य मात्र मनाला लागून राहिलं, कारण ते खरं नव्हतं आणि खरं का नाही ते मला सांगता येत नव्हतं. हीच पोरगी माझ्या खांद्यावर तासन् तास झोपायची. तिच्या बाबाच्या छातीवर पालथी पडून त्याच्या बनियनचा काठ मुठीत धरायची. आणि हीच पोरगी माहेरी मावशींच्या हाताखाली रोज तेल चोळून घेत होती, कुरकुर करत होती, पण असा टाहो तिने तिथे कधी फोडला नव्हता. तेल आणि लोशन ह्यात एवढं काय वेगळं होतं?

ह्या प्रश्नाचा मी पिच्छाच पुरवला. उत्तरासाठी मावशींचे हात आठवावे लागले.

मावशी कळव्याहून यायच्या. सकाळची तीन-चार घरं करायच्या, आमचं त्यातलं मधलं. आल्या की न्हाणीघराचं दार लावायच्या, वरची काचेची पट्टी बंद आहे ना ते बघायच्या, गरम पाण्याची बादली आणि गार पाण्याची कळशी शेजारी शेजारी ठेवायच्या. लुगडं गुडघ्याच्या वर खोचून पाटावर बसायच्या आणि पाय सरळ लांब करायच्या. दोन्ही पाय एकमेकांना चिकटवून नव्हे, मध्ये थोडी फट ठेवून. त्या फटीत बाळाची पाठ बसायची. डोकं पावलांकडे, ढुंगण गुडघ्यांच्या बाजूला. पावलं किंचित आत वळवली की डोक्याला दोन्हीकडून आधार. तेलाची वाटी आधीच गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवलेली असायची. तेल तळहातावर घ्यायचं, दोन्ही तळहात एकमेकांवर घासायचे, आणि मग हात आधी बाळाच्या पायाला लागायचा. छातीला नाही. पाय, मांड्या, मग पोट, मग हात. बाळाला पालथं केलं की एक पाय जरा वर उचलायचा म्हणजे तोंड मोकळं राहतं. पाठ सगळ्यात शेवटी आणि सगळ्यात सावकाश. शेवटचा हात मानेपासून टाचेपर्यंत एकच, दृष्ट काढताना फिरवतात तसा.

तोंडाने सतत काहीतरी चालू. गाणं नाही, नुसतं बोलणं. “आता पाय हं बाळा. हा एक झाला. आता दुसरा दे. हां, शहाणी माझी.” पाणी घालताना कपाळावर डाव्या हाताची आडवी पन्हळ धरायच्या, तांब्यातलं पाणी त्या हातावरून मागे केसांवर जायचं, डोळ्यांत एक थेंब नाही. अंघोळ झाली की अंगावर आडवा पंचा टाकून, बाळ तसंच गुंडाळून, उचलून थेट माझ्या मांडीवर. “घे पोरी, पाज.” तोवर मी पलंगावर टेकून तयार बसलेली असायचे. दोन मिनिटांत लेक दूध ओढायला लागायची आणि दहा मिनिटांत झोपायची.

आता हे सगळं घोडबंदर रोडच्या चटईशेजारी ठेवून पाहिलं.

मावशींच्या पायांवर बाळ खळग्यात असतं. पाठीला गोलाई मिळते, दोन्ही बाजू टेकलेल्या असतात, हात फेकले तरी पायांना लागून थांबतात. चटई सपाट असते. सपाट जागेवर उताणं, उघडं ठेवलेलं लहान बाळ आपण पडतोय असं वाटून दचकतं. दोन्ही हात बाजूला फेकणं आणि बोटं पसरणं ही ती दचकण्याची प्रतिक्षिप्त क्रिया. डॉक्टर तिला मोरो रिफ्लेक्स म्हणतात, आणि साधारण चार ते सहा महिन्यांत ती आपोआप जाते. म्हणजे लेकीचे हात बाजूला जायचे ते लोशनच्या रागाने नाही. लोशन लागायच्या आधीच ती घाबरलेली असायची.

दुसरी गोष्ट गारव्याची. तेलात पाणी नसतं. लोशन म्हणजे पाणी आणि स्निग्ध पदार्थ एकत्र घुसळून केलेलं मिश्रण, आणि त्यात पाण्याचाच वाटा मोठा. ओल्या अंगावर ते लावलं की त्यातलं पाणी उडायला लागतं आणि उडताना अंगातली ऊब घेऊन जातं. वजनाच्या हिशोबात तान्ह्या बाळाची त्वचा मोठ्या माणसाच्या दुपटीहून जास्त पसरलेली असते, म्हणून ते आपल्यापेक्षा फार लवकर गारठतं. त्यात केस ओले, वर पंखा. कोमट पाण्यातून नुकत्याच निघालेल्या अंगाला बाटलीतला थेंब किती गार लागत असेल, ते मी स्वतःच्या पोटावर लावून पाहिलं. अंघोळीनंतर लगेच, पंख्याखाली उभी राहून. अंगावर सर्रकन काटा आला. आपण मोठी माणसं हे सोसतो, कारण काय चाललंय ते आपल्याला ठाऊक असतं.

पण सगळ्यात मोठं कारण तिसरं होतं, आणि ते आजीच्या त्या क्रमात उघडउघड दिसत होतं. अंघोळ झालेल्या बाळाला भूक आणि झोप एकदम लागते. गरम पाण्याने अंग सैलावतं, हातपाय मारून दमलेलं असतं, आधीच्या दुधाला दीड-दोन तास झालेले असतात. त्या क्षणाला त्याला दोनच गोष्टी हव्या असतात, ऊब आणि दूध. आपल्या बायकांनी पिढ्यान् पिढ्या हे बघितलं आणि चोळण्याचं सगळं काम अंघोळीच्या आधी उरकून टाकलं. तेव्हा बाळ जागं असतं, पोट फार भरलेलंही नसतं आणि रिकामंही नसतं. लोशनने नेमकं इथे पाऊल टाकलं. दूध आणि बाळ ह्यांच्या मधोमध दहा मिनिटांची एक भिंत उभी राहिली, आणि ती भिंत गार, सपाट, उघडी होती. माझी लेक त्या भिंतीला रडत होती.

हे ध्यानात आलं त्या दिवशी मला इतकं हलकं वाटलं की मी नवऱ्याला ऐरोलीला ऑफिसात फोन करून सांगितलं. तो मीटिंगमध्ये होता. तरी ऐकून घेतलं त्याने.

लसीच्या वेळी मी हे आमच्या बालरोगतज्ज्ञ बाईंना विचारलं. त्यांनी लेकीची त्वचा बोटाने दाबून पाहिली, कोपर-गुडघ्यांच्या घड्या पाहिल्या आणि म्हणाल्या, “हिची त्वचा छान आहे. हिला लोशन हवंय कुणाला?” मी गप्प झाले. लावलंच पाहिजे असं धरून चाललेल्या गोष्टीबद्दल हा प्रश्न मी कुणालाच विचारला नव्हता, आणि मला वाटतं, बहुतेक घरांत तो विचारला जात नाही.

त्यानंतर मी जे वाचलं त्याने हे आणखी पक्कं झालं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ सालच्या मार्गदर्शक सूचना सांगतात की पूर्ण दिवसांच्या निरोगी नवजात बाळाला त्वचेचे आजार टाळण्यासाठी म्हणून रोज लोशन किंवा मलम लावायची शिफारस नाही. त्याच सूचना हेही सांगतात की अशा बाळाला हलक्या हाताने सर्वांगाला मालीश करायला हरकत नाही, वाढीला त्याचा फायदा होऊ शकतो. ब्रिटनमध्ये, घरात कुणाला तरी एक्झिमा (त्वचा कोरडी पडून खाजण्याचा आजार) किंवा दमा आहे अशा १३९४ बाळांवर एक मोठी चाचणी झाली. निम्म्या बाळांना पहिलं वर्षभर रोज मॉइश्चरायझर लावलं. २०२० साली निष्कर्ष आले. दोन वर्षांची झाल्यावर दोन्ही गटांत एक्झिमाचं प्रमाण जवळपास सारखंच होतं. म्हणजे ज्या भीतीपोटी आपण रडत्या बाळाला लोशन फासत राहतो, ती भीती ते लोशन दूर करत नाही.

आणि तेलाबद्दलचा एक अभ्यास तर आपल्या लोकल लाइनवरचा. सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयातल्या डॉक्टरांनी नवजात बाळांना खोबरेल तेलाने, खनिज तेलाने (बाजारच्या बेबी ऑइलमध्ये असतं ते) आणि नुसत्या पावडरने मालीश करून तुलना केली आणि २००५ मध्ये ती प्रसिद्ध केली. दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळांचं वजन खोबरेल तेलाने इतर दोन्हींपेक्षा जास्त वेगाने वाढलं. मावशींची ती वाटी खोबरेल तेलाचीच होती, जांभळी नाक्याच्या बाजारातून आईने आणलेल्या डब्यातली. मावशींना मी हे फोन करून सांगितलं. त्या म्हणाल्या, “मग? मी काय वेगळं सांगत होते?”

मावशींचं सगळंच मी घेतलं नाही, हेही सांगायला हवं. नाक सरळ व्हावं म्हणून ओढणं, कानात-नाकात तेलाचा थेंब सोडणं, टाळूवर तेल ठेवून दाबणं, आणि छातीला गाठ दिसते म्हणून ती पिळून काढणं, हे मी माहेरीच पहिल्या आठवड्यात थांबवलं होतं. नाकातलं तेल श्वासाबरोबर फुप्फुसात गेलं तर त्याने न्यूमोनिया होऊ शकतो. छातीची ती गाठ आईच्या संप्रेरकांमुळे आलेली असते, काही आठवड्यांत आपली आपण जाते, पिळली तर पिकू शकते. धुरीलाही डॉक्टरांनी नको म्हटलं होतं, बंद खोलीतला धूर तान्ह्या छातीला सोसत नाही. मावशी दोन दिवस घुश्शात होत्या. तिसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच विचारलं, “टाळूला नुसता हात फिरवू ना?” मी म्हटलं, हो, नुसता फिरवा. इतक्या वर्षांच्या हाताने हे मान्य केलं ह्याचं मला फार अप्रूप वाटतं. हाताचं कसब एक आणि त्याला चिकटलेल्या समजुती वेगळ्या. समजुती सोडता येतात, कसब मात्र जपायचं असतं, कारण ते पुस्तकातून उचलता येत नाही.

आमच्या घरी मग गोष्टी एकेक करून बदलल्या. तेल अंघोळीच्या आधी गेलं. चटईवर दुमडलेल्या गोधडीचं गोल वेटोळं आलं, आजूबाजूने उंच, मध्ये खोल. पंखा बंद. सगळे कपडे एकदम काढायचे नाहीत, पाय चोळायचे तेव्हा वर झबलं तसंच ठेवायचं. पंच्याखालून एकच भाग उघडायचा, तो झाकला की दुसरा. पहिले काही दिवस फक्त पाय, आणि तेवढ्यावर थांबायचं. मी मावशींसारखं सांगत राहायचे, आता हा पाय, आता तो पाय. सुरुवातीला शब्द तोंडात जड वाटायचे, मग सवय झाली.

छातीला हात लावलेला मात्र तिला तरीही आवडेना. तो तिढा नवऱ्याने सोडवला. रात्रपाळी नसेल तेव्हा संध्याकाळी तो पलंगाला टेकून बसायचा, लेकीला छातीवर पालथी घ्यायचा, आणि तळहाताला तेल लावून फक्त तिच्या पाठीवरून हात फिरवायचा. पोट त्याच्या पोटाला टेकलेलं, चेहरा त्याच्या मानेत. तिला उघडं पडल्यासारखं वाटायचं कारणच राहत नसे. त्याचा हात मुळातच सावकाश आहे. नंतर माझ्या वाचनात आलं की आपल्या त्वचेत हळुवार स्पर्शासाठीच राखलेले असे मज्जातंतू असतात, स्वीडनमधल्या संशोधकांनी ते माणसांत ओळखले. सेकंदाला १ ते १० सेंटिमीटर एवढ्या संथ हाताला ते सगळ्यात जास्त दाद देतात, आणि हाताची ऊब त्वचेइतकीच असली तर अधिकच. नऊ महिन्यांच्या बाळांवरही पाहिलंय, सेकंदाला साधारण ३ सेंटिमीटर वेगाने ब्रश फिरवला की त्यांच्या हृदयाचे ठोके मंदावतात. मावशींचा पाठीवरचा तो शेवटचा हात आणि नवऱ्याचा संध्याकाळचा हात, दोन्ही त्याच चालीचे असणार. मी मोजले नाहीत.

परदेशात बाळाचं मालीश शिकवणारे एक गोष्ट आवर्जून शिकवतात, ती मला फार आवडते. विमला मॅक्लुअर नावाच्या एका अमेरिकन बाईंनी १९७३ साली भारतातल्या एका अनाथाश्रमात काम करताना मालीश पाहिलं आणि पुढे तिकडे जाऊन त्याचे धडे तयार केले. त्यात मालीश सुरू करण्याआधी तेलाचे तळहात बाळासमोर चोळायचे, त्याला ते दाखवायचे, आणि विचारायचं, करू का? तीन महिन्यांचं बाळ काय सांगणार, असं वाटेल. पण ते सांगतं. आपल्याकडे टक लावून बघतं, हातपाय सैल सोडतं, ओठ हलवतं. नको असेल तर मान वळवतं, ट्यूबलाइटकडे बघत राहतं, जांभई देतं, एकापाठोपाठ शिंकतं, उचकी लागते, बोटं पसरतात, पाठ कमानीसारखी ताणते. रडणं ह्या सगळ्याच्या नंतर येतं. माझी लेक रडायच्या आधी डावीकडे भिंतीकडे बघायला लागते, हे कळल्यापासून मी तिथेच हात थांबवते. कधी दोन मिनिटांनी ती परत वळून बघते, मग पुढे चालू. कधी वळत नाही, मग त्या दिवशी तेवढंच.

सासूबाईंना हे सुरुवातीला फाजील लाड वाटले. “आम्ही काय विचारून तेल लावलं होतं?” असं त्या म्हणाल्याही. मी वाद घातला नाही. लेकीचे पाय चोळायचं काम त्यांच्याकडे दिलं आणि एवढंच म्हटलं, “आई, ती मान वळवेल तेव्हा थांबाल का?” त्या थांबल्या. मग त्यांनाच ते आवडायला लागलं. आता सगळ्या नातेवाइकांना त्या सांगतात की आमची नात मान वळवून नको म्हणते. सर्वांगाला अर्धा तास तेल जिरवायला हवं, हे त्यांचं मत मात्र अजून तसंच आहे.

एक गोष्ट मात्र ह्या सगळ्याहून वेगळी ठेवायला हवी. बाळ रोज नीट तेल लावून घेत होतं आणि अचानक एके दिवशी हात लावताच कळवळून रडायला लागलं, एकाच हाताला किंवा पायाला धरलं की ओरडतं, अंग गरम आहे, दूध पीत नाही, किंवा उचलून घेतलं तरी शांत होत नाही, तर तो आवडीनिवडीचा मामला नव्हे. डॉक्टरांकडे जायचं, आणि त्याच दिवशी जायचं. तसंच त्वचा लाल, खरबरीत, चिरलेली असेल तर तिथे लोशन झोंबतं, म्हणून बाळ रडतं. अशा बाळाला मलमाची गरज खरोखर असते, पण कुठलं आणि किती ते डॉक्टरांनी सांगायचं. एक्झिमा असलेल्या मुलांच्या आयांना ‘लोशन सोडून दे’ असा सल्ला मी कधीच देणार नाही.

बाकी ठाण्याच्या हवेचाही विचार करावा. जून ते सप्टेंबर इथे भिंतींना ओल येते, वाळत घातलेले लंगोट दोन-दोन दिवस दमट राहतात. अशा दिवसांत बाळाच्या सर्वांगाला लोशनचा थर कशासाठी? मे महिन्यात तर तेलसुद्धा अंघोळीत नीट धुऊन निघालं नाही तर मानेच्या घडीत घामोळं उठतं. डिसेंबर-जानेवारीत येऊरच्या बाजूने गार वारं येतं तेव्हा, किंवा रात्रभर एसी चालतो अशा घरात, गाल आणि पोटऱ्या कोरड्या पडतात. तेवढ्या जागी तेवढंच लावावं. आम्ही हिवाळ्यात लोशनची बाटली अंघोळीच्या वेळी गरम पाण्याच्या मगात उभी ठेवली. आधी तळहातावर घेऊन चोळून कोमट करायचं, लेकीला गुंडाळून मांडीवर घ्यायचं, दूध सुरू झालं की पंच्यातून एक पोटरी बाहेर काढायची, लावायचं, परत आत. तिने एकदाही तक्रार केली नाही.

आमच्या वरच्या मजल्यावर अलीकडेच एक बाळ आलंय. त्याची आई परवा लिफ्टमध्ये डोळ्यांत पाणी आणून म्हणाली, “आमचा अंघोळीनंतर फार रडतो हो ताई, लोशन लावूच देत नाही.” माझ्या जिभेवर गोधडी, पंचा, आधी तेल, सगळं आलं होतं. पण मी ते गिळलं, कारण तिचं बाळ माझं नव्हे. मी एवढंच म्हटलं, “रडणं नेमकं कशाला सुरू होतं ते चार दिवस बघतेस का? टॉवेल काढताना, बाटली बघून, हात लागल्यावर, की त्याच्याही आधी?”

काल तिचा फोन आला. तो डोकं पुसायला घेतलं की सुरू होतो म्हणे. टॉवेल डोळ्यांवरून जातो आणि त्याला क्षणभर काही दिसत नाही. लोशनची पाळी येते तेव्हा तो आधीच रडत असतो. आता ते चेहरा मोकळा ठेवून मागून मागून केस टिपून बघतायत.